हातात बदाम असून

पिंपरी,
१४ ऑक्टोबर १९७७

भिडू उद्धवराव,

जय भीम.

तुम्ही मुंबईच्या हापिसात बदलून गेलात आणि इकडे माझी पार रया गेली. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये मेंढीकोटाचा डाव पडतो, मीही बसतो, पण भिडू म्हणून समोर कोण? धोंडीबा! माणूस देवमाणूस, पण पत्त्यातलं ओ की ठो कळत नाही. परवा मी किलवरचा एक्का टाकला. हात आपलाच होता. या गड्याजवळ किलवरची दश्शी होती, चक्क मेंढी, ती द्यायची सोडून त्यानं दुर्री टाकली. मी म्हटलं, "अरे धोंडीबा, मेंढी ठेवून काय तिचं लोणचं घालणार आहेस?" तर म्हणतो, "असू द्या, पुढं कामाला येईल." पुढच्या फेरीला सोपानराव फोरमननी ती हुकमानं मारून नेली आणि वर मिशीवर हात फिरवला.

असो. पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. सोपानरावांनी चिंचवडला घर बांधलं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. दर वर्षीची मेंढीकोटाची टूर्नामेंट या खेपेला कॅन्टीनमध्ये नाही, त्यांच्या नव्या घरी आहे. खात्यातल्या सगळ्यांना छापील कार्डं वाटली. मलाही आलं. वर लिहिलंय, "सहकुटुंब येण्याचे करावे." नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली लेथ चालवतोय, पण त्यांच्या कुठल्याच घराचा उंबरा अजून पाहिलेला नाही. केसरनं ते कार्ड माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. चौथ्या वेळी म्हणाली, "कुटुंब म्हंजे मीच ना?" म्हटलं, तूच की, दुसरी कुठून आणू!

जोडीतला एक गडी आला नाही तर जोडी बाद, बदली चालणार नाही, असं सोपानरावांनी ठरवलंय. आपण दोन वर्षं पहिले आलोय. यंदा तुम्ही आलात तरच मी खेळणार, नाहीतर नाही. तेव्हा काय ते कळवा.

तुमचा भिडू,
भीमराज


मुंबई,
२० ऑक्टोबर १९७७

प्रिय भीमा,

सप्रेम नमस्कार.

येतो की नाही, हे विचारतोस? अरे, भिडू म्हणजे काय लग्नातला करवला आहे, आला तर आला! येणार म्हणजे येणारच. इथे हापिसात सगळे रमीवाले. मेंढीकोट म्हटलं की तोंडं वाकडी करतात. परवा एक जण म्हणाला, "थोपटे, तो गावठी खेळ." म्हटलं, बाबा रे, चार हात समोरच्या भिडूशी एक शब्द न बोलता त्याच्या मनातलं पान ओळखून दाखव, मग बोल.

घरचं विचारशील तर अंबूची तब्येत बरी आहे. शालनला विसावं लागलं. स्थळं बघतोय. एका ठिकाणी मुलगा पसंत पडतो तर मागणी ऐकून उठून यावं लागतं. दुसरीकडे मागणी नाही, तर मुलालाच काही येत नाही. मुलीच्या बापाला चपला झिजवाव्या लागतात म्हणतात ते खरं. माझ्या आता टाचासुद्धा झिजल्या.

केसरवहिनींना सांग, शालन अजून त्यांच्या हातच्या सुक्या बोंबलाच्या चटणीची आठवण काढते. अंबू दवाखान्यात होती तेव्हा एकवीस दिवस पोर तुमच्याच खोलीत जेवली, तुमच्याच गोधडीत झोपली. ते ती विसरलेली नाही, आणि आम्हीही नाही.

टूर्नामेंटचा दिवस ठरला की लगेच कळव.

तुझा,
उद्धव


पिंपरी,
२ नोव्हेंबर १९७७

भिडू उद्धवराव,

जय भीम. दिवस ठरला. भाऊबीज झाली की येणारी पहिली सुट्टी. सकाळी दहाला पहिला डाव. आठ जोड्या आहेत. दुपारी जेवण सोपानरावांकडेच.

केसर म्हणाली, दिवसभर नुसती बघत बसू तर मला खेळ तरी कळू दे. म्हणून परवा चटईवर पानं मांडून तिला शिकवायला बसलो. दश्शी म्हणजे मेंढी. चार मेंढ्या, ज्या जोडीनं जास्त नेल्या ती जिंकली. जो रंग पडला त्याच रंगाचं पान टाकायचं. तो रंग हातातच नसेल तरच हुकूम मारायचा. ती म्हणाली, "आन् रंग असून न्हाई म्हणलं तर?"

म्हटलं, तर त्या वेळी कुणाला कळत नाही. पण बाई, ते पान हातातून कुठे जाणार? पुढे कधीतरी ते टाकावंच लागतं, आणि तेव्हा माणूस उघडा पडतो. याच्याएवढी लाजिरवाणी गोष्ट मेंढीकोटात दुसरी नाही. ती म्हणाली, "मंग बरा हाय तुमचा खेळ. बाहेर तसं न्हाई व्हत."

खरं सांगू का उद्धवराव, तिच्या मनात धाकधूक आहे. माझ्याही आहे, खोटं कशाला बोलू? कॅन्टीन वेगळं आणि घर वेगळं. पण मी तिला म्हटलं, उद्धवराव बरोबर आहेत ना. मी कंपनीत लागलो तेव्हा माझ्या शेजारी कुणी बसेना. तुम्ही आलात, माझ्याच कपातला अर्धा चहा बशीत ओतलात आणि सगळ्यांदेखत भुरका मारलात. त्या दिवसानंतर कॅन्टीनमध्ये पुन्हा कुणाची काही बोलायची छाती झाली नाही. तो गडी बरोबर असला की कुणाच्याही घरी ताठ मानेनं जाऊ, एवढंच मी तिला सांगितलं.

तिनं निळं लुगडं काढून ठेवलंय. तुम्ही सकाळी नऊला चिंचवडच्या स्टेशनवर भेटा, तिघं मिळून जाऊ.

भीमराज


मुंबई,
८ नोव्हेंबर १९७७

प्रिय भीमा,

दिवाळीच्या शुभेच्छा.

आजच साहेबाच्या टेबलावर रजेचा अर्ज टाकला. कारण विचारलं, तर म्हटलं, घरगुती कार्य आहे. आता मेंढीकोट हे घरगुती कार्यच नाही का! त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि एक दिवस मंजूर केला. म्हणजे आता माघार नाही.

नऊला स्टेशनवर हजर. केसरवहिनींना म्हणावं, धाकधूक बिकधूक काही ठेवू नका. सोपानराव फोरमन कंपनीत, घरी ते दुर्गाबाईंच्या हाताखालचे हेल्पर. आणि मी आहे ना!

तुझा,
उद्धव


पिंपरी,
१८ नोव्हेंबर १९७७

उद्धवराव,

जय भीम.

काल साडेदहापर्यंत आम्ही दोघं स्टेशनवर उभे होतो. तीन गाड्या पाहिल्या. केसर म्हणाली, पुढच्या डब्यात असतील, म्हणून मी फलाटाच्या त्या टोकापर्यंत पळत जाऊन आलो. साडेदहाला वाटलं, बहुतेक परस्पर सोपानरावांकडे गेले असतील. तिथे गेलो तर तिथेही नाही.

जोडी बाद झाली. सातच उरल्या, एका जोडीला पुढे चाल मिळाली. सोपानराव म्हणाले, "आता आलाच आहेस तर पंच हो, गुण लिही." मी पंच झालो. संध्याकाळी पाचला घरी आलो.

तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना? अंबूवहिनींचं काही दुखलंखुपलं नाही ना? तार करायची म्हटलं तर तुमचा बिऱ्हाडाचा पत्ता नाही, हापिसाचाच आहे. जिवाला घोर लागलाय. सगळं ठीक असेल तर मात्र मी तुमच्यावर फार चिडलोय, हेही लिहून ठेवतो. लवकर कळवा.

भीमराज


मुंबई,
२२ नोव्हेंबर १९७७

प्रिय भीमा,

मार, चपलेनं मार मला! मी आलो होतो रे. परवा रविवारी आलो!

तू लिहिलंस, भाऊबीज झाली की पहिली सुट्टी. इथे सुट्टी म्हणजे रविवार. वर्षभरात अंगात रविवारच भिनला. पिंपरी-चिंचवडची सुट्टी गुरुवारी, वीज वाचवायला सरकारनं ठरवून दिलेली, आणि मी दहा वर्षं तीच सुट्टी खाल्ली, हे साफ डोक्यातून गेलं. रविवारी चिंचवडला उतरलो, स्टेशनवर तुम्ही नाही. सोपानरावांकडे गेलो तर ते पोट धरून हसायला लागले. म्हणाले, "थोपटे, टूर्नामेंट होऊन कप कपाटात गेला!" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच तुझ्या खोलीवर आलो, तर तू फर्स्ट शिफ्टला आणि वहिनी दळणाला गेलेल्या. शेजारच्या गिरजाबाईंकडे पेढ्यांचा पुडा ठेवलाय. पोरांना दे, आणि या गाढवाला माफ कर.

तुझा,
उद्धव


पिंपरी,
१ डिसेंबर १९७७, गुरुवार (म्हणजे सुट्टी, ध्यानात ठेवा!)

भिडू उद्धवराव,

जय भीम. पत्र वाचलं आणि इतका हसलो की केसर चुलीपासून उठून आली. तिला वाचून दाखवलं. ती काही हसली नाही, पण तिचं सोडा. सुट्टी म्हणजे गुरुवार, हे या पट्ट्याच्या बाहेर कुणाला सांगून पटत नाही. माझा मेहुणा अजून रविवारी येतो आणि कुलूप बघून परत जातो. पेढे मिळाले. दोन्ही पोरांनी एका बैठकीत पुडा संपवला.

तुमच्यावर राग होता तोवर एक गोष्ट लिहिली नव्हती. आता राग नाही, म्हणून लिहितो.

त्या दिवशी दारातच दुर्गाबाई केसरला म्हणाल्या, "तुम्ही इथं ओट्यावर बसा, वाऱ्याला बरं वाटेल." बाकीच्या बायका आत माजघरात. केसर दिवसभर त्या वाऱ्याला बसली. चहा आला. सगळ्यांना कपबशी, आम्हाला दोघांना काचेचे ग्लास. ते ग्लास पिऊन झाल्यावर कुणी उचलले नाहीत. केसरनं नळावर धुऊन कट्ट्यावर पालथे घातले. जेवणाच्या वेळी सोपानराव सगळ्यांदेखत हसत म्हणाले, "पंचानं मागून जेवायचं, भरल्या पोटी निवाडा चुकतो." मला ओट्यावर पत्रावळ मांडली. दुर्गाबाई केसरला वाढायला आल्या तर ती म्हणाली, "माझा उपास हाय."

"कसला हो?"

"गुरुवारचा."

उद्धवराव, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली बाई ती! दहा वर्षांत तिनं एक एकादशी केली नाही. मला ओरडून हसावंसं वाटलं. मी मात्र जेवलो. का जेवलो, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि आता शेवटच्या डावाचं ऐका. एकीकडे सोपानराव आणि त्यांचा सासवडचा भाचा, सयाजी. दुसरीकडे, हसू नका, धोंडीबा आणि स्टोअरमधला ज्योतीराम. बदामाचा हात सुरू होता. ज्योतीरामनं बदामचा एक्का टाकला, धोंडीबानं जन्मात पहिल्यांदा वेळेवर दश्शी दिली. सोपानराव म्हणाले, "बदाम नाही," आणि हुकूम मारून मेंढी नेली. मी लिहून घेतलं. तीन हात झाले आणि त्यांनी सहज बदामची सत्ती टाकली.

सगळ्यांनी पाहिलं होतं, कुणी बोलेना. घर त्यांचं, जेवण त्यांचं, फोरमनही तेच. मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, "सोपानराव, मघाशी हातात बदाम असून नाही म्हणालात. मेंढी परत द्यावी लागेल."

त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता सुट्टी संपल्या संपल्या सेकंड शिफ्ट लागली माझी. पण भाचा बोलला. म्हणाला, "मामा, पंचाचं बरोबर आहे. डाव त्यांचा." आणि स्वतः पानं गोळा करून उठला. पोरगा मला भला वाटला. जाताना तोच एकटा ओट्यावर येऊन केसरला "येतो मावशी" म्हणाला.

धोंडीबा जिंकला, बोला आता! कप हातात धरून रडायच्या बेतात आला होता.

सेकंड शिफ्ट लागलीच म्हणा. त्याचं काही नाही. मला पूर्ण दिवस एकच वाटत होतं, तुम्ही असता तर पहिल्याच चहाला माझा ग्लास उचलून तोंडाला लावला असता. एवढ्यानं झालं असतं. पण गुरुवार-रविवारच्या घोळात राहून गेलं, नशीब आपलं.

केसर जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवतेय. शालनच्या लग्नाला द्यायची म्हणते. ठरलं की आधी आम्हाला कळवा.

तुमचा भिडू,
भीमराज


मुंबई,
२८ डिसेंबर १९७७

प्रिय भीमराज,

पत्र पोचलं. वर्षअखेरीच्या कामानं मान वर करायला सवड नाही, म्हणून हे कार्डच टाकतोय. झालं ते वाईट झालं. मोठ्या घरांतून असं चालायचंच, मनाला लावून घेऊ नये. शालनचं अजून बघणं चालू आहे. वहिनींना नमस्कार.

उद्धव


पिंपरी,
९ फेब्रुवारी १९७८

उद्धवराव,

काल कॅन्टीनमध्ये सोपानरावांनी भाच्याच्या लग्नाची तारीख सांगितली. नवरीचं नाव शालन. बापाचं नाव उद्धवराव थोपटे. मी उठलो, हात धुतले आणि मशीनवर जाऊन उभा राहिलो. जेवणाची सुट्टी संपायला अजून वीस मिनिटं होती.

संध्याकाळी धोंडीबा मागून आला. त्याला कुठलं पान कधी टाकावं हे खरंच कळत नाही, म्हणून त्यानं सगळं सांगितलं. सुपारी वीस नोव्हेंबरला, त्या रविवारीच, सोपानरावांच्या घरी फुटली. धोंडीबा पंगतीला होता. तुम्ही त्याच्या शेजारच्या पाटावर होतात.

घरी आलो आणि केसरला म्हटलं, डबा काढ. आपल्याला पहिल्या वर्षी बक्षीस मिळालेला स्टीलचा डबा. त्यात ती तुमची पत्रं ठेवते. आठ नोव्हेंबरचं पत्र काढलं. तुमच्याच अक्षरात लिहिलंय, साहेबाकडे रजेचा अर्ज टाकला, एक दिवस मंजूर झाला.

रविवारी यायला रजा कशाला लागते, उद्धवराव?

तुम्हाला सुट्टी गुरुवारीच आहे, हे चांगलं ठाऊक होतं. रजा गुरुवारची होती. हातात बदाम असून तुम्ही नाही म्हणालात. मी त्या दिवशी परक्याच्या घरात फोरमनची चूक पकडली आणि माझ्या भिडूची मात्र अडीच महिने पकडली नाही. उलट वाचून हसलो. केसर हसली नव्हती, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, तुला विनोद कळत नाही.

आणि ते पेढे! माझ्या पोरांनी तुमच्या सुपारीचे पेढे खाल्ले, चुकीची माफी म्हणून. असं कसं जमलं तुम्हाला? शालनचं ठरलं म्हणून दिले असतेत तर मी आळीभर वाटले असते.

धोंडीबा म्हणतो, सोपानरावांनीच तुम्हाला येऊ नका असं कळवलं होतं. खरं असेल. पण ते माझे फोरमन. तुम्ही माझे भिडू होतात.

मला फक्त एवढं लिहा, की हे खोटं आहे. पुन्हा एकदा खोटं लिहिलंत तरी मी विश्वास ठेवीन, इतका मी अजून मूर्ख आहे.

भीमराज


मुंबई,
१८ एप्रिल १९७८

प्रिय भीमराज,

सप्रेम नमस्कार. दोन महिने तुझ्या पत्राला उत्तर द्यायची हिंमत झाली नाही.

खोटं नाही. सोपानरावांचं पत्र मला बारा नोव्हेंबरला मिळालं. त्यांनी लिहिलं, भाचा आणि त्याचे आईवडील त्या दिवशी घरी असतील. कार्डं सगळ्यांना सरसकट गेली, त्यात तुमच्या भिडूलाही गेलं, आता तो बायकोसकट येतोय. तुम्ही असलात तर त्यांना हात धरून आत न्याल, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. बहिणीच्या घरचं सोवळं कडक आहे. तेव्हा गुरुवारी येऊ नका, रविवारी या, सोयरीक पक्की करू.

तीन वर्षं मी दारं ठोठावत होतो, भीमा. मुलगा चांगला, नोकरी चांगली, मागणी काही नाही. मी काय करायला हवं होतं? तुला कळवायला पेन उचललं होतं. काय लिहू? तू जाऊ नकोस म्हणून? मग वाटलं, तू एकटा गेलास तर एक दिवसाचा प्रश्न, निभावून नेशील. सुट्टीचा घोळ मला रविवारी परत येताना सुचला आणि तो इतका सोपा वाटला की मीच फसलो.

मी जात मानत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पण मुलीचं लग्न एकट्याच्या मानण्यावर होत नाही. तुला दोन्ही मुलगेच, तुला हे कळायचं नाही. आपलं भांडण शेवटी पत्त्यांच्या डावावरून. पोरीचं आयुष्य म्हणजे पत्त्यांचा डाव नाही.

आता एक मागणं आहे. अंबूच्या आजारपणात शालन तुमच्याकडे जेवायला होती, ते सोपानरावांच्या बहिणीला ठाऊक नाही. कंपनीत कधी विषय निघालाच तर तू ते बोलू नयेस, एवढंच. वहिनींनाही सांग. तुला सांगायची गरज नाही, पण बापाचं काळीज आहे.

पत्रिका सोबत आहे. रविवार, ७ मे, चिंचवड. तू जरूर ये. दुपारी पंगतीला फार गर्दी असेल, म्हणून संध्याकाळी चारनंतर आलास तर निवांत बोलता येईल.

तुझाच,
उद्धव


पिंपरी,
२७ एप्रिल १९७८

श्री. उद्धवराव थोपटे यांस,

जय भीम.

पत्र आणि पत्रिका पोचली.

हे भांडण पत्त्यांवरून नाही. स्टेशनवर तीन गाड्या बघत उभ्या असलेल्या माणसांवरून आहे. पण ते तुम्हाला कळतं, उगाच मी कशाला लिहू?

तुम्ही ज्यांना भिऊन आला नाहीत, त्यातला एक तो पोरगा. त्यानं भर खोलीत मामाला सांगितलं की पंचाचं बरोबर आहे. तुमच्याहून पंचवीस वर्षांनी लहान आहे. शालन सुखात राहील, याची मला खात्री आहे.

एकवीस दिवसांचं म्हणाल, तर ते मी कुणाजवळ बोललो नाही आणि बोलणार नाही. पोरीचा त्यात काय दोष? कुणी विचारलं तर म्हणेन, आमच्याकडे कधी आली नाही, जेवली नाही. म्हणजे आता हातात पान असून मलाही नाही म्हणायचं आहे. इतकी वर्षं तुमच्यासमोर बसून खेळलो, ते एक शिकायचं राहिलं होतं.

केसरला सगळं वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "पोर सुक्या बोंबलासाठी ताट चाटायची." मग ती गोधडीची शेवटची कड शिवायला बसली आणि दोन दिवसांत पुरी केली. धोंडीबाच्या हाती पाठवतोय. कुणी शिवली म्हणून विचारलं तर बाजारातून आणली असं सांगा. तेवढं तुम्हाला जमेल.

लग्नाला येणं होणार नाही. लग्न रविवारी आहे, आणि आमच्याकडे सुट्टी गुरुवारी असते.

भीमराज ओव्हाळ